भास्कराचार्यांची दहा अंकी संख्या

नाशिकहून आग्र्याकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, नाशिकपासून सुमारे चाळीस मैलांवर, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी चांदवड हे गाव वसले आहे. रेणुकामातेचे स्थान, डोंगरातील जैन लेणे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी निगडित असलेला रंगमहाल आणि होळकरशाहीत येथील टांकसाळीत पडणारा चांदवडी रुपया यांमुळे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु त्याचे ऐतिहासिक महत्त्व होळकरशाहीच्याही पुष्कळ मागे जाते. यादव घराण्याचा मूळपुरुष दृढप्रहार याने नवव्या शतकात ज्या चंद्रादित्यपुरात आपले आसन मांडले, ते चंद्रादित्यपूर म्हणजेच आजचे चांदवड होय, असे इतिहाससंशोधक मानतात. पुढे हेच घराणे देवगिरीचे यादव म्हणून प्रसिद्धीस आले आणि दक्षिणेतील एका वैभवशाली राज्याचे धनी झाले.

चांदवडहून ही डोंगराची ओळ तशीच पूर्वेकडे पसरत जाते आणि पुढे अजिंठ्याच्या डोंगराला मिळते. याच रांगेच्या उत्तर पायथ्याशी, चाळीसगावच्या नैऋत्येस काही कोसांवर, पाटण नावाचे एक प्राचीन स्थान आहे. आज ते पाटणादेवी या नावाने ओळखले जाते. दृढप्रहारानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी, त्याच यादव कुळातील सिंघण राजाच्या मुख्य ज्योतिष्याने या पाटण गावी एक मठ स्थापन केला. हा मठ कोणा देवतेच्या उपासनेसाठी नव्हता, कोणा पंथाच्या प्रचारासाठीही नव्हता. एका गणितज्ञाच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे, एवढाच त्याचा हेतू होता. तो गणितज्ञ म्हणजे भास्कराचार्य. आणि मठ स्थापणारा चांगदेव हा त्यांचा नातू.

भास्कराचार्यांच्या त्या ग्रंथांत एक संख्या आहे. ती अशी : १,७६,६३,१९,०४९. शब्दांत सांगायचे तर एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास. मोठ्या संख्यांचे भारतीयांना कधीच भय वाटले नाही. ‘लीलावती’ ग्रंथाच्या आरंभी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत आणि त्या मापाने ही संख्या केवळ अब्जाच्या घरातली ठरते. तेव्हा तिचे महत्त्व तिच्या आकारात नाही. अत्यंत लहान दिसणाऱ्या एका प्रश्नाचे ती उत्तर आहे, आणि त्या उत्तरापर्यंत जाण्याची वाट कोणत्या बुद्धीने शोधली असेल, याचा विचार करू लागताच तिची थोरवी ध्यानात येते.

तो प्रश्न भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात आहे. ग्रंथकार आपल्या मित्राला विचारतात की, अशी कोणती वर्गसंख्या आहे, जिला एकसष्टाने गुणून एक मिळवला असता पुन्हा वर्गच येतो? उत्तर पूर्णांकातच पाहिजे. प्रश्न एवढाच. ज्याला गुणाकार आणि वर्ग म्हणजे काय हे ठाऊक आहे, अशा कोणत्याही शाळकरी मुलाला तो समजेल. गुणक एकसष्टाऐवजी साठ घेतला, तर उत्तर पाटीवर तत्काळ मिळते. चाराचा वर्ग सोळा. सोळा गुणिले साठ नऊशे साठ. त्यात एक मिळवला की नऊशे एकसष्ट, म्हणजे एकतिसाचा वर्ग. गुणक बासष्ट घेतला तरी अडचण नाही. आठाचा वर्ग चौसष्ट; त्याला बासष्टाने गुणून एक मिळवला की ३९६९ येतात, आणि तो त्रेसष्टाचा वर्ग आहे. त्रेसष्ट हाच गुणक घेतला, तर उत्तर केवळ एक आहे. कारण त्रेसष्टात एक मिळवताच आठाचा वर्ग होतो.

साठास चार, बासष्टास आठ आणि त्रेसष्टास एक, असे असता मधल्या एकसष्टासही असेच एखादे लहानसे उत्तर असावे, अशी कोणाचीही समजूत होईल. पण तेथेच हा प्रश्न माणसाला फसवतो. एकसष्टासाठी चालणारी सर्वांत लहान संख्या २२,६१,५३,९८० आहे. हिचा वर्ग करून त्यास एकसष्टाने गुणावे व एक मिळवावा. जी एकोणीस अंकी संख्या येते, तिचे वर्गमूळ म्हणजे वर सांगितलेली दहा अंकी संख्या. याहून लहान असे एकही उत्तर नाही.

एकामागून एक संख्या घेऊन पाहू लागल्यास काय होईल, याचा हिशोब मनोरंजक आहे. एखाद्या गणितज्ञाने दर मिनिटास एक संख्या तपासली आणि दिवसरात्र, झोप व भोजन वर्ज्य करून हे काम चालू ठेवले, तर त्याला उत्तरापर्यंत पोचण्यास सुमारे चारशे तीस वर्षे लागतील. भास्कराचार्यांनी आपला ‘सिद्धान्तशिरोमणि’ इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. त्या वर्षी कोणी असा उद्योग आरंभला असता, तर अकबर बादशहाच्या राज्यात, इ. स. १५८० च्या सुमारास तो संपला असता. भास्कराचार्यांनी हे उत्तर थोड्या पायऱ्यांत काढून दाखवले आहे. म्हणजे या संख्येच्या मागे कष्टाळू हात नसून एक पद्धती आहे, आणि ती पद्धती हाच या कथेचा खरा विषय होय.

या पद्धतीचा पाया भास्कराचार्यांच्या पूर्वी पाच शतके घातला गेला होता. भिल्लमाळ येथील ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये रचलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त या जातीच्या प्रश्नांचा विचार केला आहे. या प्रश्नांना वर्गप्रकृति असे नाव आहे. ज्या संख्येचा वर्ग करून गुणकाने गुणावयाचे तिला कनिष्ठ, शेवटी येणाऱ्या वर्गमूळास ज्येष्ठ आणि जी संख्या मिळवावी लागते तिला क्षेप म्हणतात. ब्रह्मगुप्ताचे म्हणणे असे की, ब्याण्णव हा गुणक घेऊन हा प्रश्न जो एका वर्षाच्या आत सोडवील, तोच खरा गणिती. त्या प्रश्नाचे उत्तर कनिष्ठ १२० आणि ज्येष्ठ ११५१ असे आहे.

ब्रह्मगुप्ताची मोठी देणगी म्हणजे ‘भावना’ नावाची क्रिया. क्षेप एक ठेवून उत्तर मिळत नसेल, तर प्रथम दुसरा कोणताही क्षेप घेऊन अपुरे उत्तर शोधावे. अशी दोन अपुरी उत्तरे हाती आली की त्यांच्या संयोगाने तिसरे उत्तर निर्माण करता येते. पहिल्याचा कनिष्ठ व दुसऱ्याचा ज्येष्ठ, तसेच दुसऱ्याचा कनिष्ठ व पहिल्याचा ज्येष्ठ, असे तिरकस गुणाकार करून त्यांची बेरीज केली म्हणजे नवा कनिष्ठ मिळतो. दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार आणि दोन्ही कनिष्ठांचा गुणकाने गुणलेला गुणाकार यांची बेरीज हा नवा ज्येष्ठ. नव्या उत्तराचा क्षेप हा जुन्या दोन क्षेपांचा गुणाकार असतो. दोन्ही उत्तरे एकच घेतली तरी चालते. उत्तराचा स्वतःशीच संयोग होतो. क्षेप अधिक किंवा उणे एक, दोन अथवा चार यांवर आला की पुढची वाट कशी सोपी होते, हेही ब्रह्मगुप्ताने दाखवून ठेवले.

अडचण अशी की, भावनेने क्षेप वाढत जातात. ते कमी होऊन एक, दोन किंवा चार यांवर येतील याची शाश्वती नाही. ही उणीव ज्या क्रियेने भरून काढली, तिला ‘चक्रवाल’ म्हणतात. चाकाप्रमाणे फिरत फिरत तीच क्रिया पुन्हा पुन्हा करावयाची, म्हणून हे नाव. भास्कराचार्य स्वतः ही क्रिया आपली म्हणून सांगत नाहीत. पूर्वीचे आचार्य हिला चक्रवाल म्हणतात, अशाच अर्थाचे त्यांचे शब्द आहेत. त्यांचे ते शब्द प्रामाणिक होते, हे पुढे सिद्ध झाले. इ. स. १०७३ च्या उदयदिवाकराच्या ‘सुंदरी’ टीकेत जयदेव नावाच्या गणितज्ञाचे या क्रियेवरील श्लोक उद्धृत केलेले आहेत आणि कृपाशंकर शुक्ल यांनी इ. स. १९५४ मध्ये ते विद्वानांच्या नजरेस आणले. परंतु या क्रियेचे सामर्थ्य ज्या उदाहरणांनी जगाला कळले, ती सदुसष्टाची आणि एकसष्टाची उदाहरणे भास्कराचार्यांच्या ग्रंथातील आहेत.

एकसष्टाचे उदाहरण असे चालते. एकसष्टाच्या जवळचा वर्ग चौसष्ट. म्हणून कनिष्ठ एक, ज्येष्ठ आठ आणि क्षेप तीन, हे पहिले अपुरे उत्तर. आता अशी एक संख्या निवडावयाची, जिच्यात आठ मिळवले असता बेरजेस तिनाने पूर्ण भाग जाईल आणि जिचा वर्ग एकसष्टाच्या जितका जवळ असेल तितका बरा. ही संख्या सात. सात व आठ मिळून पंधरा. तिनाने भागून पाच, हा नवा कनिष्ठ. साताचा वर्ग एकोणपन्नास एकसष्टाहून बाराने कमी आहे. त्या बारास तिनाने भागले की चार, म्हणून नवा क्षेप उणे चार. ज्येष्ठ येतो एकोणचाळीस. पडताळा सोपा आहे : पाचाचा वर्ग पंचवीस, त्यास एकसष्टाने गुणून १५२५, त्यातून चार वजा केले की १५२१, आणि तो एकोणचाळिसाचा वर्ग आहे.

चाक एकदाच फिरले आणि क्षेप उणे चारावर आला. येथून ब्रह्मगुप्ताची भावना हाती घ्यावयाची. पाच व एकोणचाळीस यांना दोहोंनी भागले की अडीच व साडेएकोणीस अशी अपूर्णांकी जोडी मिळते आणि क्षेप उणे एक होतो. या जोडीचा स्वतःशी संयोग करून जे येते, त्याचा पुन्हा मूळ जोडीशी संयोग केला की अपूर्णांक आपोआप नाहीसे होतात; कनिष्ठ ३८०५ आणि ज्येष्ठ २९,७१८ अशी पूर्णांकी जोडी उरते. क्षेप अजूनही उणे एकच आहे. पण उणे एकास उणे एकाने गुणले असता अधिक एक येतो. म्हणून या जोडीचा स्वतःशीच एकवार संयोग करावयाचा, की कार्य संपले. ३८०५ आणि २९,७१८ यांचा गुणाकार दुप्पट केला म्हणजे २२,६१,५३,९८० हा कनिष्ठ मिळतो, आणि त्याच्या जोडीला एक अब्ज शहात्तर कोटींचा तो ज्येष्ठ येऊन उभा राहतो. चारशे तीस वर्षांचे काम एका बैठकीत उरकते.

ही संख्या अशा रीतीने जन्मास आल्यामुळे तिच्या अंगी काही विलक्षण गुण आले आहेत. तिच्यातून एक वजा केला, तर जी संख्या राहते ती २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट असते. उलट, तिच्यात एक मिळवला, तर ती संख्या ३८०५ च्या वर्गाची एकशे बावीस पट, म्हणजे एकसष्टाच्या दुपटीने गुणलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या शेजारणींनी तिचे मूळ असे जपून ठेवले आहे. शिवाय ज्येष्ठास कनिष्ठाने भागले असता एकसष्टाचे वर्गमूळ सतरा दशांश स्थळांपर्यंत बिनचूक मिळते. एकसष्टाचे वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकाने पूर्णपणे मांडता येत नाही. पण दहा अंकांनी व नऊ अंकांनी त्याच्या इतके जवळ जाता येते, हे प्राचीन गणकांना एखाद्या सूक्ष्म यंत्रासारखेच उपयोगाचे होते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकापासून एकशे आठपर्यंतच्या कोणत्याही गुणकाचे लहानात लहान उत्तर एकसष्टाच्या उत्तराएवढे मोठे नाही. शंभरीच्या आतील सर्व गुणकांत हाच सर्वांत कठीण. उत्तराची ही चढउतार कोणत्या साध्या नियमाने होते, हे वरवर पाहून सांगता येत नाही. भास्कराचार्यांनी उदाहरण म्हणून नेमका हाच गुणक घ्यावा, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. अनेक गुणकांवर ही क्रिया करून पाहिल्यावाचून कोणासही एकसष्टाची खोड कळणार नाही.

या अनुमानास युरोपच्या इतिहासातून एक अनपेक्षित साक्षीदार मिळतो. इ. स. १६५७ च्या फेब्रुवारी महिन्यात फ्रान्समधील थोर गणिती फर्मा याने आपला स्नेही फ्रेनिकल यास पत्र लिहून हाच प्रश्न घातला. त्याने निवडलेले गुणक दोन होते : एकसष्ट आणि एकशे नऊ. फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या घेतल्या आहेत, अशी मखलाशीही त्याने केली होती. एकशे आठपर्यंत सर्वांत मोठे उत्तर एकसष्टाचे. त्यास मागे टाकणारा पहिला गुणक एकशे नऊ, आणि त्याचा ज्येष्ठ पंधरा अंकांचा आहे. फर्माने शत्रूच्या किल्ल्यातील सर्वांत अवघड बुरूज नेमके हेरले होते. बीजगणिताच्या त्या श्लोकाची वार्ता फर्माला नव्हती. पण पाचशे सात वर्षांच्या अंतराने, एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या दोन बुद्धिमंतांनी परीक्षेसाठी एकसष्ट हीच संख्या पुढे केली.

फर्माचे आव्हान इंग्लंडातही पोचले होते. तेथे लॉर्ड ब्राउंकर आणि जॉन वॉलिस यांनी या जातीचे प्रश्न सोडवण्याची रीत शोधून काढली. पुढे अठराव्या शतकात ऑयलर या महान गणितज्ञाने ही रीत जॉन पेल नावाच्या इंग्रज गृहस्थाची आहे, अशा समजुतीने तिला त्याचे नाव दिले. पेलचा या शोधाशी म्हणण्यासारखा काहीही संबंध नव्हता. तरीही नाव रूढ झाले, आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांतून हे समीकरण पेलच्याच नावाने शिकवले जाते. ब्रह्मगुप्ताचे नाही, जयदेवाचे नाही, भास्कराचार्यांचे नाही, एवढेच नव्हे, तर फर्माचे किंवा ब्राउंकरचेही नाही. इतिहासातील श्रेय कधी कधी असे भलत्याच दारी जाऊन पडते, आणि एकदा पडले की तेथून हलत नाही.

भारतीय गणितज्ञांचे कार्य युरोपला कळले ते फार उशिरा. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने इ. स. १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, ‘बीजगणित’ शहाजहानच्या कारकिर्दीत फारसीत उतरले. त्या फारसीवरून स्ट्रॅची याने इ. स. १८१३ मध्ये बीजगणिताचा इंग्रजी अवतार प्रसिद्ध केला, आणि चार वर्षांनी, इ. स. १८१७ मध्ये, कोलब्रुक याने मूळ संस्कृतावरून ब्रह्मगुप्त व भास्कर यांच्या गणिताचे इंग्रजी भाषांतर छापले. तोपर्यंत लाग्रांज या गणितज्ञाने अशा प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतेच, हे निर्णायकपणे सिद्ध केले होते. जर्मन इतिहासकार हांकेल याने पुढे मोकळ्या मनाने कबूल केले की, लाग्रांजच्या पूर्वी संख्याशास्त्रात चक्रवालाइतकी सुंदर गोष्ट दुसरी झाली नाही.

येथे अभिमानाच्या भरात एक मर्यादा विसरता कामा नये. चक्रवालाचे चाक फिरवले की ते नेहमी इष्ट ठिकाणी येऊन थांबतेच, असे भास्कराचार्यांच्या ग्रंथात सिद्ध केलेले नाही. रीत दिली आहे, उदाहरणे दिली आहेत, उत्तरे निर्दोष आहेत. परंतु सिद्धता नाही. ती मिळाली विसाव्या शतकात. म्हैसूरचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी इ. स. १९२९-३० च्या सुमारास चक्रवालावर स्वतंत्र लेखन करून ही क्रिया कधीही निष्फळ होत नाही हे दाखवले. आणि लाग्रांजच्या रीतीशी ती एकरूप नसून तिला स्वतःचे वेगळे, अनेक ठिकाणी अधिक आखूड असे चालणे आहे, हेही स्पष्ट केले. पूर्वजांची स्तुती करणारे पुष्कळ असतात. त्यांनी अर्धवट ठेवलेले काम पुढे नेणारे थोडे. त्या थोड्यांत या प्राध्यापकांची गणना केली पाहिजे.

आता पुन्हा सातमाळ्याच्या पायथ्याशी वळले पाहिजे. पाटण येथील भवानीच्या भग्न देवळात एक शिलालेख असल्याचे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या संशोधनातून उघडकीस आले आणि इ. स. १८६५ मध्ये त्यांनी तो विद्वानांपुढे मांडला. पुढे कीलहॉर्न यांनी तो चिकित्सापूर्वक पुन्हा प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांच्या कुळाची विश्वसनीय माहिती या लेखामुळेच मिळते. मूळपुरुष त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, ज्याला भोजराजाने ‘विद्यापति’ ही पदवी दिली, त्याच्या वंशात महेश्वर, आणि महेश्वराचे पुत्र भास्कराचार्य. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांची विद्वत्ता जाणून यादव राजा जैत्रपाल याने त्यांना पाटणहून आपल्या दरबारी नेले व पंडितांचे प्रमुखपद दिले. लक्ष्मीधराचे पुत्र चांगदेव हे सिंघणाचे मुख्य ज्योतिषी झाले, आणि त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ व कुळातील इतर ग्रंथ यांच्या अध्ययनासाठी पाटणचा मठ स्थापला.

लेखात शके ११२८ चा निर्देश आहे. मठाला दान चंद्रग्रहणाच्या पर्वावर दिले होते. त्या ग्रहणाच्या गणितावरून विद्वानांनी ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख ठरवली आहे. ग्रहणांचे गणित शिकवणाऱ्या मठाच्या दानाची तारीख ग्रहणानेच निश्चित व्हावी, ही गोष्ट मोठी समर्पक आहे. दान देणारा सोइदेव हा निकुंभ कुळातील यादवांचा मांडलिक. पण त्या लेखातील सर्वांत हृद्य भाग राजांच्या स्तुतीचा नाही. वंशाची थोरवी सांगणारे श्लोक संस्कृतात असले, तरी लेखाच्या शेवटी मराठी सुरू होते. पाटणच्या पेठेत जो माल विकावयास येईल, त्यावर गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले आहे, असे तेथे त्या काळच्या मराठीत नोंदलेले आहे.

या नोंदीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. अब्जांच्या घरातील संख्या शोधणारी ती गहन विद्या ज्या पैशावर जगणार होती, तो पैसा पाटणच्या बाजारहाटातून येत होता. तेथे धान्य किंवा कापड घेणाऱ्या साध्या माणसाला वर्गप्रकृति आणि चक्रवाल ही नावे कदाचित कधी ऐकूही आली नसतील. पण त्याने दिलेल्या करातून कोणी विद्यार्थी ‘बीजगणिता’ची पोथी उघडून बसत होता. भास्कराचार्यांची बुद्धी स्वयंभू होती. तिला कोणी कर बसवून निर्माण केले नाही. परंतु ती बुद्धी गेल्यावर तिने शोधलेले टिकवावयाचे, तर वही लिहिणारा, शिकवणारा, शिकणारा आणि त्या सर्वांच्या पोटाची तजवीज करणारा अशी चार माणसे लागतात. चांगदेवाने हे ओळखले आणि आजोबांच्या स्मरणार्थ देऊळ न बांधता मठ स्थापला.

मठ फार काळ राहिला नाही. शतकाच्या अखेरीस देवगिरीवर परचक्र आले, इ. स. १३१७ च्या सुमारास यादवांचे राज्य लयास गेले, आणि कालांतराने पाटणची पेठही ओस पडली. आज पाटणादेवीच्या परिसरात डोंगर, अरण्य, देवळे आणि लेणी आहेत. विद्यार्थ्यांचा घोष नाही. यादवांचे मूळ स्थान जे चांदवड, तेथील टांकसाळही पुढे बंद पडली. चांदवडी रुपया चलनात होता तेव्हा त्याची पारख सराफाकडे होत असे. गावोगाव त्याचा भाव निराळा आणि त्यावर बट्टाही निराळा. भास्कराचार्यांच्या संख्येला मात्र आठशे वर्षांत कोणी बट्टा लावू शकले नाही. ज्याला शंका असेल त्याने कागद घ्यावा, २२,६१,५३,९८० चा वर्ग करावा, एकसष्टाने गुणावे आणि एक मिळवावा. तासाभराच्या श्रमाने त्याचा हिशोब भास्कराचार्यांच्या हिशोबाशी तंतोतंत जुळेल.